चार बोटं

१

इमामभाईंच्या घरात दरवर्षी दोन गोष्टी मोजल्या जात. एक पाणी आणि एक पोरगी.

पाण्याची रेघ मधल्या खोलीत होती, कपाटाशेजारच्या भिंतीवर, निळ्या ऑईलपेंटनं ओढलेली. दोन हजार एकोणीसच्या पुरात कृष्णा घरात शिरली आणि आठ दिवस मुक्काम ठोकून राहिली, तेव्हा ती इथवर चढली होती. शिरोळच्या बाजूला अशा रेघा घरोघर सापडतील. इमामभाईंनी मात्र चिखल उपसून झाल्यावर त्या रेघेखाली पोरीला उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि पेन्सिलीनं खूण केली. कशिश तेव्हा आठ वर्षांची होती. खूण रेघेच्या पार खाली आली.

"ज्या वर्षी तू रेघेच्या वर जाशील," ते म्हणाले होते, "त्या वर्षापास्नं पाण्याला भ्यायचं न्हाय."

तेव्हापासून शाळेच्या निकालाच्या दिवशी खूण व्हायची. आधी खूण, मग पेढे. इमामभाई शेतातल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे, त्यामुळे मापात चूक त्यांना खपत नसे.

गेल्या वर्षीच्या निकालाला अनुजा तिथं हजर होती. कोल्हापूरहून दर शनिवारी एसटीनं येऊन गावातल्या मुलींना चित्रकला शिकवायची, असं तिनं नुकतंच ठरवलं होतं आणि त्याची परवानगी मागायला ती घरोघर फिरत होती. इमामभाईंनी खूण केली, मग रेघ आणि खूण यांच्या मधे आपला पंजा आडवा धरला.

"चार बोटं ऱ्हायली. पुढच्या साली वर!"

"ताई, तुमी बी बघा की," कशिश म्हणाली.

अनुजानं आपली बोटं लावली. बरोब्बर चार बसली.

२

अनुजा चार वर्षं जपानमधे, क्योतोत चित्रकथा शिकून आली होती. येताना विमानात तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं : आपल्या मुलींना शक्ती पाहिजेत, आणि त्या आपल्याच गणवेशात पाहिजेत. परक्या शाळांमधल्या मोठ्या डोळ्यांच्या मुली तिनं शेकड्यांनी काढल्या होत्या. आता तिला लाल रिबिनींच्या वेण्या काढायच्या होत्या आणि उसाच्या फडात उभी राहून आभाळाला हात लावणारी पोरगी काढायची होती.

तशा दोन पोरी तिला वर्गातच मिळाल्या. एक मोना, जी चित्रात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर एका हातानं उचलायची. आणि दुसरी कशिश.

"आमी नावेतनं गेलतो ताई," पुराचा विषय निघाल्यावर कशिशनं सांगितलं होतं. "अम्मी, अब्बा, मी, समदी. पण मला कायम वाटतंय, मी एक घरातच ऱ्हायलोय. मधल्या खोलीत. पाण्यात डोळं उघडं ठेवून."

त्याच वाक्यावर अनुजाची गोष्ट उभी राहिली. पहिलं पान : पाण्यानं भरलेली खोली आणि तळाशी डोळे उघडणारी मुलगी. मग ती भिंतीवर हात टेकते. हात खाली दाबते तसं पाणी खाली जातं, घरातून, गल्लीतून, गावातून. शेवटच्या पानावर सगळा गाव गोळा झालेला आणि कशिश रेघेच्या वर मान काढून उभी. अठ्ठेचाळीस पानं, त्यात एकही शब्द नाही. पानांवर आकडेसुद्धा नाहीत, चित्राला बोचतात म्हणून.

आणि पुस्तक उघडायचं उजवीकडून. तिकडच्या चित्रकथा तशाच असतात, पानातल्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचतात. इथल्या वाचकाला ते जड जाईल असं तिला चारजणांनी सांगितलं. अनुजा हट्टाला पेटली. वाचक शिकेल, म्हणाली. शिकवायलाच तर आपण परत आलो.

पुस्तकं कोल्हापुरातून, शाहूपुरीतल्या अमरसिंहकाकांच्या प्रेसमधून थेट टेंपोनं शाळेत गेली. प्रकाशनाच्या कार्यक्रमात हेडमास्तरांनी गठ्ठा सोडला, मुलींनी एकेक प्रत उचलली, आणि अनुजानं एक प्रत ओढून घेतली. मुखपृष्ठ डावीकडून उघडत होतं, कुठल्याही मराठी पुस्तकासारखं. आतली पानं जिथल्या तिथं होती. फक्त दार दुसऱ्या बाजूला बसवलं होतं, आणि त्या दारातून आत गेलं की गोष्टीचा शेवट आधी भेटत होता.

तिनं तिथूनच फोन लावला.

"अगं पोरी, तुझं कव्हर मागच्या अंगाला लागलं हुतं की," अमरसिंहकाका खुशीत म्हणाले. "बायंडरनं बघितलं म्हणून बरं. मी फिरवून घेतलं. न्हाईतर पाचशे कापी वाया गेल्या असत्या."

"काका, ते चुकलेलं नव्हतं. ते उजवीकडूनच उघडायचं होतं."

"उजवीकडनं? उर्दू हाय व्हय?"

"नाही, पण..."

"मग झालं तर! आता आभार मान माझं."

३

पुढच्या शनिवारी वर्गात सगळ्या पुस्तकाबद्दलच बोलत होत्या.

"ताई, लई भारी झालंय," मोना म्हणाली. "माझा ट्रॅक्टर तर एक नंबर. पण शेवट वंगाळ हाय."

"शेवट?"

"कशिश बुडती की शेवटाला."

अनुजानं फळ्यावर चौकटी काढून समजावलं. पुस्तक पालथं करा, उजवीकडून सुरुवात करा, पहिल्या पानावर ती पाण्यात आहे आणि नंतर वर येते. मुलींनी माना डोलावल्या. पुस्तकं उचलली. आणि एकजात सगळ्यांचे उजवे हात मुखपृष्ठावर गेले आणि ते डावीकडे उलटलं.

"कव्हर जिथं हाय तिथनंच उघडणार न्हवं?" मोना म्हणाली. "घरात परसदारानं कोण शिरतंय?"

पोरी हसल्या. अनुजाही हसली, दात आवळून.

मग तिनं स्वतः पुस्तक डावीकडून चाळलं, पोरी वाचतात तसं. पहिल्यांदा गाव जमलेला. मग कशिशचा तळवा भिंतीवर. चौकटीमागून चौकट तो तळवा वर सरकतो आणि त्याच्यामागून पाणी वर येतं. गल्ली भरते, घर भरतं. गाव निघून जातो. शेवटी खोली, आणि तळाशी उघड्या डोळ्यांची मुलगी. पुढं मागचा कोरा पुठ्ठा. गोष्ट अगदी व्यवस्थित लागत होती, जणू ती अशीच काढली होती. हे तिला सगळ्यात जास्त डाचलं.

कशिश बाकावर बसून कानात करंगळी फिरवत होती.

"काय झालं गं?"

"कानात पाणी गेल्यागत होतंय ताई. आठ दिस झालं."

"पोहायला गेलतीस?"

"न्हाय की. नदीला कुठं पाणी हाय आता?"

४

निकाल लागला. कशिश पहिल्या पाचांत आली. इमामभाईंनी पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि कशिशची अम्मी, मेहमुदाचाची, पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभ्या राहिल्या. अनुजाला मुद्दाम बोलावलं होतं. आज पोर रेघेच्या वर जाणार होती.

कशिश टाचा भिंतीला लावून उभी राहिली. इमामभाईंनी खूण केली. बाजूला झाले. बघितलं. मग पुन्हा पट्टी लावून बघितलं.

त्यांनी चार बोटं लावली. वर आणखी दोन बोटांची जागा उरली.

"सहा," ते म्हणाले.

पेढ्यांचा बॉक्स कपाटावर गेला. मग मेहमुदाचाचीच म्हणाल्या, "सांगत हुतो, पोरगी जेवत न्हाय. पुस्तकातनं डोकं वर काढंल तर जेवंल."

"जेवली न्हाय तर वाढणार न्हाय. कमी कशी हुईल?" इमामभाई पुटपुटले. मोटार बिघडली की बघतात तसं ते भिंतीकडं बघत होते.

अनुजाची नजर गेल्या वर्षीच्या खुणेवर होती. शेजारी तारीख होती, इमामभाईंच्या अक्षरात. आजची खूण तिच्या वर दोन बोटं आली होती. म्हणजे पोरगी वाढली होती. तिनं गेल्या वर्षीच्या खुणेपासून रेघेपर्यंत गुपचूप बोटं मोजली. चारच्या जागी आठ भरली.

पोर वाढली होती. रेघ जास्त वाढली होती.

तिनं रेघेवरून नख फिरवलं. तोच जुना निळा रंग, तेच पोपडे, कुठंही नवं पुसल्याची किंवा ओढल्याची खूण नाही. नख ओलं झालं. रेघेखालची भिंत गार होती आणि वरची कोरडी, उन्हानं तापलेली.

"गिलावा ओल धरतो," इमामभाई म्हणाले, तिनं काहीच विचारलं नव्हतं तरी. "पुराचं पाणी प्यालेली भिंत हाय. काय तर हुतंय."

बाहेर अंगणात अनुजानं कशिशला गाठलं. "तू मशिदीतल्या मक्तबमध्ये अरबी शिकलीस ना? मग तुला उजवीकडून उघडायची सवय आहे की. हे पुस्तकही तसंच वाच."

"वाचलो ताई. तुमी सांगितलं तवाच वाचलो. मी वर आलो, लई बरं वाटलं." तिनं केसांची टोकं पिळली. नुकतीच न्हाल्यासारखी ती ओली होती. "पण वाचून संपलं की कव्हरच समोर येतंय. मग हात परत तिथनं सुरू करतोय. अरबीच्या किताबाचं कव्हर तिकडं असतंय. ह्येचं हिकडं हाय."

"मग वाचूच नकोस. मला दे ते."

कशिशनं मान हलवली. मेहमुदाचाची मधे पडल्या. "राहू द्या की ताई. पोरीचं चित्र हाय त्यात. आमच्या खानदानात कुणाचं चित्र पुस्तकात आलंय?"

अनुजानं हिसकावून घेतलं असतं तर घेता आलं असतं. फाडताही आलं असतं, दोन पिना तर होत्या. पण अठ्ठेचाळीस पानांमागं तिचे दहा महिने होते, आणि स्वतःचं पहिलं पुस्तक फाडायला हात उठला नाही. नवीन कव्हर लावून देऊ, ती मनात म्हणाली. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.

५

शाहूपुरीत ती घरमालकीण आक्कांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. खाली हार्डवेअरचं दुकान, वर गच्ची. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे पलंगामागं रचलेले होते. परतल्यावर ती एक गठ्ठा ओढायला वाकली तेव्हा भिंतीवर ओल दिसली, घोट्याइतक्या उंचीवर. वरची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"टाकी गळत असंल," आक्का दारातून म्हणाल्या.

"टाकी गच्चीवर आहे आक्का. ओल वरून खाली येईल ना? ही खालून वर चाललीये."

"मग खालच्या दुकानातली असंल."

"दुकानात नळ कुठाय?"

"तू जपानात ह्येच शिकून आलीयास व्हय गं, म्हाताऱ्या माणसाला प्रश्न घालायचं?" आक्का निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओल चार बोटं वर होती. तिसऱ्या दिवशी आणखी चार. अनुजानं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मग आपण कुणासारख्या खुणा करतोय हे लक्षात येऊन पेन्सिल खाली ठेवली. ती स्वतःशी शहाण्यासारखं बोलत राहिली. जुनी इमारत. चुन्याची भिंत. केशाकर्षण, आठवीच्या विज्ञानात असतं ते. पण मे महिना होता, गल्लीत एक दिवसाआड पाणी येत होतं आणि फरशी ठणठणीत कोरडी होती. दुपारी पंखा बंद केला की मात्र पलंगामागून आवाज यायचा. कागद कागदापासून सुटताना होतो तसा. एक पान. थोडा वेळ. मग दुसरं.

तिनं गठ्ठे गच्चीवर उन्हात नेऊन टाकले. खोलीतली ओल तिथंच थांबली.

मग तिला शिरोळकडचं पाच गल्ल्यांचं ते गाव आठवलं आणि तिथली दीडशे घरं. आणि त्यातलं एक घर, जिथं पुस्तक रोज उघडत होतं.

६

"लगीनसराई हाय पोरी," अमरसिंहकाका म्हणाले. मशिनीवर लग्नपत्रिका चालू होत्या, गणपतीचे चेहरे एकामागून एक बाहेर पडत होते. "कव्हरं काय पळून जात्यात व्हय? चार दिस दम धर."

"काका, चार दिवस नाहीत."

"का? कुणाचा मुहूर्त हाय?"

ती काय सांगणार होती? तिनं सांगायचा प्रयत्न केला की मुली चुकीच्या बाजूनं वाचतायत. काकांनी चष्मा कपाळावर नेला.

"हे बघ, पुस्तक कुठनं बी उघडलं तरी पुस्तकच ऱ्हातंय. पोरी वाचायल्यात, ह्यातच देव बघ. आजकाल वाचतंय कोण?"

चार दिवसांचे सहा झाले, सहाचे नऊ. तिनं हेडमास्तरांना फोन केला, प्रती परत गोळा करा म्हणून. ते म्हणाले सुट्टी आहे, पोरी मामाच्या गावाला गेल्यात, जूनमधे बघू. तिनं मोनाला फोन केला. मोनानं आपली प्रत कधीच ट्रंकेत टाकली होती. "मी एकदाच वाचलो. शेवट वंगाळ असला की मी परत बघत न्हाय."

"आणि कशिश?"

"तिला काय बोलू नका ताई. काल गेलतो तिच्याकडं. हाक मारली तर लई उशिरा ओ दिली. लांबनं आल्यागत."

दहाव्या दिवशी अनुजा प्रेसमधे जाऊन बसली आणि उठलीच नाही. संध्याकाळपर्यंत कव्हरं तिच्या हातात होती, उजवीकडून उघडणारी, शाईचा वास मारणारी. काकांनी चहा पाजला. "एवढी चिडतीस कशापायी?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते खरंच बिचारे दिसत होते.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती गावात पोचली. ऊन इतकं होतं की कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडली होती. मेहमुदाचाची अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होत्या. इमामभाई कुणाच्या तरी विहिरीवर मोटार काढायला गेले होते.

"आत हाय," चाची म्हणाल्या. "सकाळधरनं त्येच पुस्तक. जेवाय बी आली न्हाय. आता तुमीच सांगा ताई, माझं आयकत न्हाय."

आतून पान उलटल्याचा आवाज आला. ओलं पान, चिकटलेलं, हळूच सुटणारं.

अनुजा मधल्या खोलीच्या दाराशी गेली तसा आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. पलंग, कपाट, गजांची खिडकी. फरशीवर धूळ होती आणि धुळीत एकही पाऊल नव्हतं. भिंत काळपट झाली होती, जवळजवळ सगळी. निळी रेघ स्लॅबच्या खाली हातभर अंतरावर होती. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खाली, खूप खाली, अंधाऱ्या ओलीत दिसत होत्या.

आणि रेघेच्या वर, कोरड्या चुन्यावर, चार बोटांची ओली टोकं उमटली होती. कुणीतरी कठड्याला धरून लोंबकळावं तशी.

"चाची," अनुजानं मान न वळवता विचारलं, "या खोलीला मागं दार आहे का?"

"न्हाय ओ. का?"

पुस्तक पलंगावर होतं, शेवटच्या पानावर उघडं. तिनं चित्राकडं बघितलं नाही. पिशवीतली कव्हरं काढायलाही ती थांबली नाही. ती फरशीवर बसली, पुस्तक पालथं केलं आणि उजवीकडून सुरुवात केली, चार वर्षं केली तशी. डोळे. हात. भिंतीला टेकलेला तळवा. तिसऱ्या पानाला भिंतीत काहीतरी ठिबकलं. सहाव्या पानाला तिनं वर बघितलं. बोटं लांब झाली होती. आता पेरं दिसत होती, त्यांच्याखाली पंजाची सुरुवात, आणि रेघ वीतभर उतरली होती.

"ये," ती म्हणाली. "ये गं, ये."

दहावं पान. बारावं. कुणीतरी खूप वेळानं घेतला तसा एक श्वास तिनं ऐकला, अगदी जवळून.

"ताई, च्या ठेवू का?" दारातून चाचींनी हाक दिली.

अनुजा दचकली. पुस्तक हातातून निसटून फरशीवर मिटून पडलं. "नको, नको," ती म्हणाली, पुस्तक उचललं, उघडलं आणि पुढं वाचू लागली, भराभर, थांबायला वेळ नव्हता. गाव. तळवा. भिंत. पाणी. प्रत्येक चौकट तिला पाठ होती, बघायचीही गरज नव्हती, नुसती पानं उलटायची होती. घर. खोली.

उघडे डोळे.

पुढं कोरा पुठ्ठा होता.

तिनं आपल्या हाताकडं बघितलं. उजवा हात होता. कव्हर त्यानंच उघडलं होतं. तो तिचा बालवाडीपासूनचा हात होता, आणि घाईत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

वर बघायला तिला थोडा वेळ लागला.

रेघेच्या वर तीन बोटं होती.

बाहेर चाची शेवया उलटत काहीतरी गुणगुणत होत्या. अनुजानं उजवा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर सगळा भार टाकला. डाव्या हातानं पुस्तक पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूनं पहिलं पान उघडलं.

मांडीखाली हात वळवळत होता. फरशी ओली लागत होती.